बाबागाडी घेताना
बाबागाडी घ्यायची तर आधी आपला रस्ता बघा, मग गाडीचा रंग. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कोणतीही गाडी छान पळते. यवतमाळच्या दत्त चौकातल्या गर्दीत किंवा आर्णी रोडच्या कडेच्या मुरमात मात्र छोटी प्लास्टिकची चाकं अडकतात आणि लेकरू पुढे झेपावतं. म्हणून चाकं मोठी, रबराची घ्या. पट्टा दोन्ही खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि मांड्यांमधून येणारा हवा. नुसत्या कमरपट्ट्यातून दीड वर्षाचं पोर सहज उभं राहतं. ब्रेक लावून गाडी ढकलून पाहा, घडी स्वतः घालून पाहा, कारण लहान बोटं चिमटतात ती तिथेच. मुठीला भाजीची जड पिशवी अडकवली की गाडी मागे उलटू शकते, हे दुकानदार क्वचितच सांगतो. आणि ऊन! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आई मायेनं गाडीवर ओढणी पांघरते. कृपा करून तसं करू नका. झाकलेल्या गाडीत हवा कोंडते आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा साठतो. मोठं छत आणि जाळीची पाठ असलेली गाडी घ्या, फेरी सकाळी लवकर मारा, आणि दुपारी बाळाला घरीच ठेवा.