सिग्नलवरची डिझेल, घाटातली हायब्रिड

मोठी गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या वर रनिंग असेल तर डिझेल, नाहीतर पेट्रोल. एके काळी हा हिशेब चोख होता. 2012 च्या सुमारास दोन्ही इंधनांच्या दरात लिटरमागे पंचवीसेक रुपयांचे अंतर होते आणि देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रवासी गाड्या डिझेलवर धावत होत्या. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि अंतर आटत गेले. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 निकष आले, तेव्हा मारुतीने डिझेल इंजिनच बंद केले. तरी या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत अजून तोच प्रश्न असतो: ‘आमचं रनिंग एवढं एवढं आहे, हायब्रिड घेऊ की डिझेल?’

रनिंग किती, यावरून उत्तर मिळत नाही. गाडी कुठे आणि कोणत्या वेगाने धावणार, ते सांगा. तुमच्या सध्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर सरासरी वेगाचा आकडा दिसत असेल तर तो आधी बघा. वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या पाहणीत पुण्यात 10 किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटे लागली होती, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर नेमाने जाणाऱ्याचा आकडा याच्या तिप्पट असू शकतो. दोघांचेही वर्षाचे रनिंग 12,000 असेल, पण त्यांना एकच गाडी सुचवणे चुकीचे ठरेल.

टोयोटाच्या इनोव्हाचेच घेऊ, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न बहुतेक वेळा तिच्यावरूनच पडतो. तिच्यातली क्रिस्टा डिझेलवर धावते, हायक्रॉस पेट्रोल-हायब्रिडमध्ये मिळते. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 90 रुपये धरू. शहरात हायब्रिड लिटरला 16 आणि डिझेल 10 चे ॲव्हरेज देते असे माना. गर्दीच्या वेळी हे अंदाज फार चुकत नाहीत. 12,000 किलोमीटरला हायब्रिडला 78,000 रुपयांचे पेट्रोल लागेल, डिझेल गाडीला 1,08,000 रुपयांचे डिझेल. आता तेवढेच अंतर हायवेवर मोजा. तिथे हायब्रिड 16 वरच राहते, डिझेल मात्र 15 पर्यंत चढते. खर्च 78,000 विरुद्ध 72,000. शहरात तीस हजारांनी हरलेली डिझेल हायवेवर सहा हजारांनी जिंकली. यात खरेदीच्या किमतीतला फरक धरलेला नाही, आणि सुरुवातीची हायब्रिड हायक्रॉस सुरुवातीच्या क्रिस्टापेक्षा काही लाखांनी महाग पडते. हायवेवाल्याला ते लाख कधीच वसूल होत नाहीत. शहरवाल्याचे त्यातले काही वसूल होतात, पण गाडी आठ-दहा वर्षे वापरली तर.

असे का होते? शहरात गाडी पळते कमी आणि थांबते जास्त. प्रत्येक ब्रेकला तिची गती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. सिग्नल सुटल्यावर गाडी त्याच विजेवर हलते, इंजिन बंदच असते. क्लच नाही, गिअर बदलणे नाही. इंजिन सुरू झाले तरी त्याला सोयीच्या फेऱ्यांत ठेवले जाते. ताशी शंभरच्या एकसारख्या वेगात मात्र ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळवणार? तिथे हायब्रिड ही बॅटरीचे वजन वाहणारी एक चांगली पेट्रोल गाडी उरते.

डिझेलचे शहरातले दुखणे केवळ ॲव्हरेजचे नाही. बीएस-6 डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायची तर तिथले तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावे लागते, आणि त्यासाठी गाडी बऱ्या वेगात काही वेळ सलग पळावी लागते. घर ते ऑफिस पाच किलोमीटर आणि मध्ये चौदा सिग्नल असतील तर ते कधी घडणार? माझ्या ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या डिझेल एसयूव्हीला हाच त्रास झाला. कोथरूडहून डेक्कनला जायचे, भाजी घ्यायची, परत यायचे, एवढाच तिचा संसार. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने डिपस्टिक ओढून दाखवली, तर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर. काजळी जाळायला जादा सोडलेले डिझेल, इंजिन मध्येच बंद झाल्यामुळे, ऑइलमध्ये उतरले होते. ऑइल बदलून झाल्यावर मेकॅनिक म्हणाला, ‘काका, हिला दर रविवारी खंबाटकीपर्यंत पळवून आणत जा, दिवा लागणार नाही.’ फिल्टर साफ राहावा म्हणून दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटर डिझेल जाळायचे! चूक त्या काकांची नाही. ‘सर, डिझेलला ॲव्हरेज चांगलं’ असे सांगून ज्यांनी त्यांच्या हातात किल्ली दिली, त्यांनी एकदाही विचारले नव्हते की गाडी कुठे चालवणार.

या त्रासाला कंटाळून काही जण फिल्टरच पोकळ करून घेतात. ते बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या गाडीमागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या, शाळेच्या पोरांच्या छातीत ती काजळी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणारा म्हणून जाहीर केला आहे. पैसे वाचतात की नाही हा तुमचा प्रश्न, पण शहरातली हवा सगळ्यांची आहे. म्हणून मी स्पष्ट सांगतो: पुणे, ठाणे, मुंबईत रोज फिरवायला आज नवी डिझेल गाडी घेऊ नये.

घाटात चित्र पालटते. क्रिस्टाचे 2.4 लिटरचे इंजिन 1,400 फेऱ्यांपासूनच 343 न्यूटन-मीटरचा जोर देते. सात माणसे, वर कॅरिअरला बांधलेले सामान, आणि साखरप्याहून आंबा घाटाची चढण. तिसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुर न करता वर जाते. हायब्रिडमध्ये अशाच लांब चढणीवर बॅटरीच्या रेषा एकेक करून उतरतात आणि मग पेट्रोल इंजिन एका सुरात ओरडायला लागते. गाडी चढते, थांबत नाही, पण चालवणाऱ्याला तो आवाज नकोसा होतो. उलट खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना बॅटरी भराभर भरते. ती भरली की पुढचा उतार ब्रेकवर काढू नका, गिअरचा लिव्हर ‘बी’वर घेऊन इंजिनला गाडी धरू द्या. डिलिव्हरीच्या दिवशी ही गोष्ट फारच थोड्या ठिकाणी सांगितली जाते.

लातूरचा एखादा डॉक्टर आठवड्यातून दोनदा हैदराबाद गाठत असेल, किंवा कोणी वारीच्या दिवसांत माणसे भरून पंढरपूरला नेत असेल, तर त्याने डिझेल घेण्यात काहीही गैर नाही. गावातल्या मेकॅनिकला त्या इंजिनाची नस ठाऊक असते, हाही भाग आहेच. पेट्रोल आता देशभर 20 टक्के इथेनॉलचे झाले आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे हायब्रिडच्या ॲव्हरेजलाही त्याची थोडी झळ बसते. ऊस पिकवणाऱ्या राज्यात हे बोलायला संकोच वाटतो, पण ग्राहकाला ते कळले पाहिजे.

करांचे गणितही बदलले. सप्टेंबर 2025 पूर्वी मोठ्या हायब्रिडवर 43 टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर 50 टक्के कर होता. जीएसटीच्या नव्या रचनेत दोघी 40 टक्क्यांवर आल्या, म्हणजे हायब्रिडची सात टक्क्यांची आघाडी गेली. महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलला किमतीनुसार 11 ते 13 टक्के, डिझेलला 13 ते 15. हायब्रिड पेट्रोलच्याच रांगेत. उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग, म्हणजे नुसत्या मोटरवरही हलणाऱ्या, हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्याकडे पूर्ण माफी नको, श्रीमंतांच्या गाडीला ती कशाला? पण शहरात कमी इंधन जाळणाऱ्या गाडीला दोन-चार टक्क्यांची सवलत मिळालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

डिझेल घेणाऱ्याने दिल्लीही ध्यानात ठेवावी. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे बंदी घालणाऱ्या आदेशावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले आणि नंतर त्यावर बराच खल झाला. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डिझेल-पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा विषय काढला आणि राज्याने समितीही नेमली. आज घेतलेली गाडी 2035 मध्ये विकायला काढाल, तेव्हा या गोष्टी भावात उतरलेल्या असतील. हायब्रिडच्या बॅटरीचे भय त्यापेक्षा लहान आहे. हायक्रॉसच्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे.

शोरूममध्ये आधी एवढे विचारा: ही गाडी नुसत्या मोटरवर हलते का? मागे ‘हायब्रिड’ लिहिलेल्या कित्येक गाड्यांत छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, गाडी एकटीने ओढू शकत नाही. मी वर जे लिहिले ते त्यांना लागू नाही. मग टेस्ट ड्राइव्ह मागा, पण रविवारी सकाळी रिकाम्या बायपासवर नको. सोमवारी नऊ वाजता, तुमच्या घरापासून तुमच्या ऑफिसपर्यंत, एसी लावून आणि ट्रिप मीटर शून्यावर आणून. सेल्समन नाही म्हणाला तर दुसरी डीलरशिप गाठा.