खाडीपलीकडचे कारखाने संपाने नेले नाहीत

‘दत्ता सामंतांच्या संपाने मुंबईतले कारखाने खाडीपलीकडे गेले,’ हे वाक्य इतक्यांदा फिरते की त्याची तारीख तपासावी असे कुणालाच वाटत नाही. आज तेवढेच करू.

गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘नोसिल’चा प्रकल्प १९६८ मध्ये उभा राहिला. सिडको १९७० ची, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. परिणाम कारणाच्या चौदा वर्षे आधी पोहोचला, असे मानायचे काय?

आता आवडता युक्तिवाद: भांडवल स्वस्त मजुरीकडे धावते. तसे असते, तर गिरण्या रत्नागिरीत निघाल्या असत्या आणि चाकरमान्याला बोटीत बसावेच लागले नसते. मजुरी कोकणात स्वस्त होती, पण गिरण्या मुंबईत उभ्या राहिल्या. कारण यंत्रे आणि कोळसा उतरायला बंदर इथे होते, आणि सूत चीनला जायचे तेही इथूनच. शंभर वर्षांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यानेही हेच गणित मांडले: ट्रॉम्बेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून कच्चा माल आणि खाडीच्या अल्याड देशातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक. मराठवाड्यात जमीन आणि मजूर दोन्ही स्वस्त असूनही राज्याला १९६४ पासून मागास भागांतील उद्योगांना सवलती द्याव्या लागल्या. बाजारापासूनच्या अंतराची ती भरपाई होती.

बाजार आणि बंदर हाताशी असलेला उद्योग अधिक वेतन देऊ शकतो. तो ते देतोच, असे मात्र अर्थशास्त्राच्या कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. या जवळिकीची किंमत सर्वप्रथम जमिनीत मुरते, आणि इथली जमीन तर ९५ गावांतील आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांची होती. वाजवी मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण त्यानंतरचे आहे. ते कुणी मेहेरबानीने दिलेले नाही.

न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि इथल्या कारखानदाराचा बाजार जगभर पसरला. त्याच बंदराच्या आसऱ्याने चालणाऱ्या गोदामांत कायम कामगार आणि कंत्राटी कामगार तोच कंटेनर रिकामा करतात. दोघांचेही बंदरापासूनचे अंतर सारखेच; पगार मात्र सारखा नाही. संपाला शिव्या घालणाऱ्यांनी हा फरक कोणत्या भूगोलाने पडतो, ते सांगावे.