कीर्द, खतावणी आणि टिपणांचे दुवे

पेढीवर काही नियम पिढ्यानुपिढ्या पाळले जातात. अमुक पेठेत दिवाळीनंतर उधारीने माल द्यावयाचा नाही, हा त्यांपैकीच एक. नातू कारण विचारतो, तेव्हा वडिलांना ते सांगता येत नाही. कारण आजोबांना ठाऊक होते; कदाचित त्यांनी ते एखाद्या वहीत टिपूनही ठेवले होते. वही कपाटात आहे, अक्षरही शाबूत आहे; हरवली आहे ती त्या पानापर्यंत जाणारी वाट.

हिशेबाच्या बाबतीत व्यापाऱ्याने ही वाट कधी हरवू दिली नाही. रोजकीर्दीत नोंद झाली की तिच्यापुढे खतावणीचे पान लिहावयाचे आणि खतावणीत तीच रक्कम चढविताना कीर्दीचे पान नोंदवावयाचे, ही जुनी शिस्त आहे. त्यामुळे कीर्दीवरून खात्याकडे जाता येते आणि खात्यावरून कीर्दीकडे परतताही येते. दुवा दोन्ही बाजूंनी असतो, म्हणून चूक सापडते.

शास्त्रग्रंथांतही दुव्यांची परंपरा आहे. वीरनिर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली श्वेतांबर आगम ग्रंथबद्ध झाले. त्यांत तीच वर्णने पुनःपुन्हा लिहिण्याऐवजी ‘जाव’ किंवा ‘वण्णओ’ असा संकेत योजलेला आढळतो. नगरीचे नाव येते, पुढे ‘वण्णओ’ एवढाच शब्द येतो, आणि वाचकाने औपपातिक सूत्रातील चंपानगरीचे सविस्तर वर्णन तेथे योजावयाचे असते. भगवती सूत्रात अनेक ठिकाणी ‘प्रज्ञापनेत सांगितल्याप्रमाणे’ असे म्हणून वाचकाला त्या ग्रंथाकडे पाठविले आहे. परंतु हा दुवा एकाच दिशेचा आहे. प्रज्ञापना हाती घेणाऱ्याला आपल्या पानाकडे कोण कोठून बोट दाखवीत आहे, हे त्या पानावरून कळत नाही.

विसाव्या शतकात निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहून पेट्यांत ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक होता आणि तिच्यावर संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहिलेले असत. हे सारे दुवे त्यांना हातानेच नोंदवावे लागत. हेच काम आता संगणकावरील टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचे व सुधारण्याचे साधन, करू शकते.

अशा साधनांत इमॅक्सचे स्थान वेगळे आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत त्याचा आरंभ झाला आणि रिचर्ड स्टॉलमन यांचे मुक्त ‘ग्नू इमॅक्स’ १९८५ मध्ये लोकांसमोर आले. ते विनामूल्य आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वापरणाऱ्याला लिस्प भाषेत चार ओळी लिहून त्यात नवे कसब घालता येते. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये त्यावर ‘ऑर्ग मोड’ रचला. दुहेरी चौकटी कंसांत दुवा लिहावा, त्यावर कर्सर ठेवून ठरावीक कळा दाबाव्यात, की दुसरे टिपण उघडते. पुढे २०२० मध्ये ‘ऑर्ग-रोम’ आणि २०२२ मध्ये ‘डिनोट’ ही जोड-साधने आली.

त्यांचे कार्य समजावयास कठीण नाही. पहिले काम पुढे जाण्याचे: कर्सरखालील दुवा वाचावयाचा आणि त्याची फाइल उघडावयाची. दुसरे परत येण्याचे: आपण कोठून निघालो, ते ठिकाण ध्यानात ठेवावयाचे. तिसरे काम सर्वांत मोलाचे: उघडलेल्या टिपणाचा उल्लेख इतर कोणकोणत्या टिपणांत आहे, ते शोधून यादी समोर ठेवावयाची. यालाच उलट दुवा म्हणता येईल. लिहिणाऱ्याने एकाच बाजूने दुवा द्यावा. दुसरी बाजू यंत्र स्वतः भरते. खतावणीची शिस्त येथे आपोआप पाळली जाते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. दुवा नावावर बांधला तर नाव बदलताच तो तुटतो. एकच आडनाव एका टिपणात ‘शहा’ आणि दुसऱ्यात ‘शाह’ असे लिहिले गेले, तरी शोध फसतो. म्हणून ‘डिनोट’ टिपण निर्माण झाल्याची तारीख व वेळ, अगदी सेकंदापर्यंत, त्याची ओळख म्हणून फाइलच्या नावात ठेवते. शीर्षक कितीही वेळा बदलावे. ओळख तीच राहते आणि दुवा अखंड राहतो.

पेढीसाठी याचा उपयोग उघड आहे. त्या पेठेविषयी एक टिपण, तेथील प्रत्येक व्यापाऱ्याचे एक, आणि उधारी बुडाली त्या वर्षाचे एक. वर्षाच्या टिपणात पेठेचा दुवा दिला की पुरे. पुढे कधीही पेठेचे टिपण उघडले असता खाली ते वर्ष दिसेल, आणि नियमाबरोबर त्याचे कारणही हाती येईल. कारण कळले, की नियम पाळावा की सोडावा याचा निर्णय नव्या पिढीला विवेकाने घेता येतो. अन्यथा ती एक तर आंधळेपणाने पाळते किंवा आंधळेपणाने मोडते. शिवाय ही टिपणे साध्या मजकूर-फाइलींत, आपल्याच संगणकावर असतात. एखादे साधन उद्या बंद पडले, तरी ती दुसऱ्या कोणत्याही साधनात वाचता येतील. त्यांची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवणे तेवढे आपल्याकडे राहते.

मात्र केवळ साठविलेली टिपणे हाही एक परिग्रहच आहे. हजार टिपणे असून त्यांचा परस्परांशी संबंध नसेल, तर ते ज्ञान नव्हे, नुसता संचय होय.

ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, झटकून, पुसून त्यांचे पूजन करण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांच्या स्मरणातील एक नियम व त्याचे कारण लिहून घ्यावे, आणि ते टिपण दुसऱ्या एका टिपणाशी जोडावे. वर्षाला एवढे झाले, तरी वाट बुजणार नाही.