‘पाऊस’ शोधला की ‘पावसामुळे’ सापडलं पाहिजे

मराठी वेबसाइटवरच्या सर्चच्या चौकटीवर माझा विश्वास नाही. असल्या चौकटी बनवणं हेच माझं काम आहे, म्हणून तर अजिबातच नाही.

डेटाबेसवर चालणाऱ्या ॲपला सर्च जोडणं आमच्या धंद्यात दोन दिवसांचं काम समजतात. पोस्टग्रेसमध्ये मजकुराचा टीएसव्हेक्टर करायचा, त्यावर जिन इंडेक्स टाकायचा, झालं. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची: कुठला शब्द कुठल्या नोंदींत आहे. ही सूची करताना इंग्रजी शब्दांचे शेपूट छाटून मूळ रूप ठेवतात. त्याला म्हणतात स्टेमिंग. म्हणून ‘फार्मर’ शोधलं की ‘फार्मर्स’ही मिळतं.

मराठीत नेमकी हीच पायरी गायब असते, आणि मराठीला तिची गरज इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आहे. ‘पाऊस’चं ‘पावसामुळे’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण्याचा’, ‘विहीर’चं ‘विहिरीला’, ‘माणूस’चं ‘माणसांनी’. शाळेत रटलेलं सामान्यरूप ते हेच. शेवटी प्रत्यय चिकटतोच, वर आतला शब्दही बदलतो. सुरुवातीची अक्षरं जुळवण्याचा जुगाडही इथे चालत नाही, कारण ‘पाऊस’ आणि ‘पावसामुळे’ यांची सुरुवात जुळते ती फक्त ‘पा’पुरती.

आता हत्यारं बघा. पोस्टग्रेसच्या १२व्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळचं स्टेमिंग आलं, १४व्या आवृत्तीत हिंदीचं. मराठीचं नाही. मायएसक्यूएलचा इनोडीबी फुलटेक्स्ट इंडेक्स मूळ सेटिंगमध्ये तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द सोडून देतो, म्हणजे ‘घर’ आणि ‘वन’ सूचीत येतच नाहीत. एसक्यूलाइटच्या एफटीएस५चा नेहमीचा टोकनायझर काना-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही. तो ‘मराठी’चे दोन तुकडे करतो: ‘मर’ आणि ‘ठ’. २०११च्या जनगणनेत ८ कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली, २०२४ मध्ये अभिजात ठरलेली भाषा ती हीच.

यात खरं नुकसान कुणाचं? तक्रारींचं ॲप घ्या. कोपऱ्यावरच्या विहिरीबद्दल आधी कुणी लिहिलंय का, हे बघायला एखादी बाई ‘विहीर’ टाइप करते. नोंदींमध्ये ‘विहिरीत’, ‘विहिरीजवळ’ असं लिहिलेलं आहे. उत्तर येतं: शून्य निकाल. हिशोबात एक रुपया चुकला तर आमच्याकडे रात्री फोन येतात. इथे एररही येत नाही. आधी कुणी तक्रार केलीच नाही असं समजून ती बाई निघून जाते.

मग मीटिंगमध्ये कुणीतरी आलेख दाखवतं: मराठी सर्च कुणी वापरतच नाही, वेळ कशाला घालवायचा? नळाला पाणी नाही म्हणून लोक तोटी फिरवत नाहीत, आणि तुम्ही म्हणता गावाला तहानच नाही.

दुसरं उत्तर हल्ली तयारच असतं: एआय करेल की. अर्थावरून शोधणारी मॉडेल्स उपयोगी आहेत, मान्य. पण त्यांचा खर्च आहे, आणि नेमकं आडनाव, गावाचं नाव किंवा गट नंबर शोधताना ‘साधारण असंच काहीतरी’ नको असतं.

काम अशक्य नाही, किचकट आहे. ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘साठी’, ‘मुळे’ छाटायचे, मग ‘पाण्या’वरून ‘पाणी’कडे आणि ‘पावसा’वरून ‘पाऊस’कडे यायचं. ‘भात’ आणि ‘शेत’मधला ‘त’ प्रत्यय समजून उडू नये म्हणून अपवादांची यादी ठेवायची. ‘तऱ्हा’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, ते एक करून घ्यायचं. पोस्टग्रेसला स्वतःचा शब्दकोश जोडता येतो. ज्या स्नोबॉलमधून त्याचं स्टेमिंग येतं, तो प्रकल्पही मुक्तस्रोत आहे. परवानगी मागायला मंत्रालयात जायचं नाही.

हे सरकार करणार नाही, अमेरिकेतली कंपनी तर नाहीच. विभक्तीचे तक्ते पाठ करून दहावी झालेले आणि आज डेटाबेसवर पोट भरणारे हजारो लोक पुण्यात आहेत. दोन्ही गोष्टी येणारे आपणच. निदान एवढं तरी करा: पुढच्या वेळी मराठी सर्च ‘झाला’ म्हणून टिकेट बंद करण्याआधी त्यात ‘पाऊस’ टाइप करून बघा. ‘पावसामुळे’ आलं नाही, तर टिकेट उघडंच ठेवा.