पावलांचा खरा हिशेब

मगरिबची नमाज झाली, की तरावीहला अजून थोडा अवकाश असतो. तेवढ्यात मोहल्ल्यातले मधुमेही बुजुर्ग चार फेऱ्या मारून घेतात. डॉक्टरांनीच तसे सांगितलेले असते. मनगटावर मुलाने घेऊन दिलेला फिटनेस बँड, कुर्त्याच्या खिशात मोबाइल. घरी येऊन पाहावे तर बँड म्हणतो ४,२००, मोबाइल म्हणतो ३,१००. मोठा आकडा वहीत उतरतो आणि तोच डॉक्टरांपुढे जातो. साखर मात्र उतरत नाही. आता डॉक्टरांनी गोळी वाढवावी की चालणे?

यात यंत्रे खोटे बोलत नाहीत. ती पाय पाहतच नाहीत. चालताना बसणारे ठरावीक लयीचे हिसके आतला सेन्सर ओळखतो आणि त्यांनाच पावले समजतो. बँडला हात कळतो, मोबाइलला खिसा. म्हणून फळांच्या पिशव्या दोन्ही हातांत धरून आलेल्या माणसाची बरीच पावले बँडवर चढत नाहीत, तर खड्ड्यांतून स्कूटरवर आलेल्याची न चाललेली काही पावले जमा होऊ शकतात. पाय ओढत सावकाश चालणाऱ्या वृद्धांची पावले तर यंत्राकडून हमखास सुटतात.

रमजानमध्ये चुकण्याच्या जागा वाढतात. वुजू करताना काढलेला बँड नळापाशीच राहतो. मोबाइल घरी चार्जिंगला असतो आणि माणूस मशिदीत. तरावीहच्या वीस रकातींत शरीराला श्रम होतात, पण ती पावले नव्हेत. ती आकड्यात दिसली नाहीत, तर त्यात चूक काहीच नाही.

उपाय साधे आहेत. बँड मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधावा. कोणत्या हातात बांधला आहे आणि आपली उंची किती, हे ॲपमध्ये बरोबर भरावे. मोबाइल झोके खाणाऱ्या खिशात ठेवू नये. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे ॲप मध्येच बंद पडत नाही ना, तेही पाहावे. मग सपाट रस्त्यावर मनात मोजत सलग दोनशे पावले चालावे. यंत्राने १९० ते २१० दाखवली तर ते विश्वासाचे. दीडशेच दाखवली तर बांधणी तपासून पुन्हा चालावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेब एकाच यंत्राचा ठेवावा. आज बँड, उद्या मोबाइल असे करू नये आणि दोन्हींची बेरीज तर मुळीच नको.

राहिला दहा हजारांचा धाक. हा आकडा वैद्यकीय पुराव्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलेमोजणी यंत्राच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०२२ साली आलेल्या, अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणात साठीपुढच्यांच्या आयुर्मानाला होणारा फायदा सहा ते आठ हजार पावलांच्या आसपास स्थिरावलेला दिसला. तेव्हा रोज्याच्या थकव्यात आकडा गाठण्यासाठी रात्री अंगणात घिरट्या घालण्याची गरज नाही.

वहीत ३,१०० लिहायला संकोच वाटतो, हे खरे. पण डॉक्टर औषध ठरवतात ते त्याच वहीवरून. आकडा फुगवला, तर त्याची किंमत शेजारी नव्हे, स्वतःचे शरीरच चुकवते.