रफू करू नका

मध्य भारतातल्या एका छावणीत पोस्टिंगवर असतानाची गोष्ट. मेसच्या काचेच्या कपाटातला एक जुना ट्युनिक ‘नूतनीकरणासाठी’ बाहेर काढला होता. खाकी, कोपरांवर विरलेला, कॉलर तेलकट. सोबत कामांची यादी: ड्रायक्लीन करणे, उजव्या छातीवरचं भोक रफू करणे, विटलेल्या रिबन बदलणे. नवी पितळी पाटीही तयार होती, ‘विदेशी शौर्यपदकांसह जुना गणवेश’.

त्या पाटीवरून मी भांडलो. माझे कोर्समेट म्हणतात, खडकवासल्यापासून मी असाच भांडकुदळ आहे. असेन.

आधी ‘शौर्य’ घ्या. १९३९-४५ स्टारची रिबन म्हणजे गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन सारखे पट्टे: नौदल, लष्कर, हवाईदल. आफ्रिका स्टार वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा, आणि या ट्युनिकवर त्या रिबनवर छोटा ‘८’. इटली स्टार लाल-पांढरी-हिरवी. ही मोहिमेची पदकं आहेत. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या रणभूमीवर होता, एवढंच ती सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आपलेच वेटरन अशा फोटोखाली ‘सहा-सहा शौर्यपदकं!’ लिहून सॅल्यूट ठोकतात तेव्हा खरंच कपाळावर हात मारावासा वाटतो. तो ‘८’ मात्र कुणी वाचत नाही. तो म्हणजे आठवी आर्मी, २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३, म्हणजे अल अलामेनपासून ट्युनिसपर्यंत. एका आकड्यात माणसाचे सात महिने बसलेले आहेत.

आता ‘विदेशी’. ज्या फौजेत तो चाकरीला होता, तिच्याच राजानं दिलेली मोहिमेची पदकं त्याला विदेशी कशी? शेजारीच १९४७ च्या स्वातंत्र्याच्या पदकाची केशरी-पांढरी-हिरवी रिबन होती, ती तर आपलीच. खऱ्या अर्थानं परक्या देशाची रिबन एकच होती, रिवाजाप्रमाणे सगळ्यांत शेवटी: लाल, आणि तिच्यात हिरव्या बारीक चार रेषा. फ्रान्सचा क्रुआ द गेर, १९३९-४५. शौर्याची म्हणावी अशीही तीच एक. म्हणजे पाटी ज्या एका रिबनला लागू होती, नेमकी तीच बदलायला काढलेली!

आणि बदलली कशानं? कुणीतरी नेटवरून मागवलेल्या तुकड्यानं, ज्यात हिरव्यावर लाल रेषा होत्या. क्रुआ द गेरच, पण १९१४-१८ चा. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या माणसाला आम्ही सुईदोऱ्यानं पहिल्या महायुद्धात नेऊन सोडलं.

एका निवृत्त साहेबांचं मत, ट्युनिकच नकली आहे. खांद्यावर अशोकाचे सिंह आणि छातीवर राजाच्या रिबन, हे जमतं कसं? सर, २६ जानेवारी १९५० ला मुकुट जाऊन सिंह आले ते खांद्यावर आणि बटणांवर. लढलेलं युद्ध त्या दिवशी कुणी छातीवरून उतरवून ठेवलं नव्हतं. उलट हे दोन्ही एकत्र असणं हाच ट्युनिक खरा असल्याचा एक पुरावा आहे.

दुसरा एक तरुण अधिकारी म्हणाला, गुलामीची पदकं कशाला मिरवायची? त्याला मी माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा बघून यायला सांगितलं. १० जुलै १९४४, इटली, टायबरचं वरचं खोरं, व्हिक्टोरिया क्रॉस. नामदेव जाधवांचा ९ एप्रिल १९४५ चा, सेनियो नदीवरचा. हे दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते. त्यांनाही पाटी लावणार का?

उजव्या छातीवरच्या भोकावर मात्र माझा आवाज चढला. कसर लागली असेल म्हणून रफू. असेलही. पण सोव्हिएत ऑर्डर ऑफ द रेड स्टार उजव्या छातीवर लावतात, टाचणीनं नव्हे, कापडाला भोक पाडून मागून स्क्रूनं. मागे क्रमांक कोरलेला असतो. इराणमार्गे रशियाला रसद पोचवल्याबद्दल १९४४ मध्ये तो आपल्या सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह यांना मिळाला होता. या ट्युनिकवर तो होता असं मी म्हणत नाही. पण भोक बुजवल्यावर तो प्रश्नच कुणाला पडणार नाही. आणि ड्रायक्लीन? आतल्या खिशात शिंप्याची पट्टी होती, तिच्यावर शाईनं लिहिलेलं नाव, अर्धं उडालेलं. उरलेलं अर्धं पेट्रोलात धुऊन काढायचं होतं.

तुमच्या घरी आजोबांचा असा कोट असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा: रिबन, बटणांच्या पाठी, खिशातली पट्टी, प्रत्येक भोक. ब्रासो दूर ठेवा.

आमची मूळ रिबन टेलरच्या चिंध्यांच्या डब्यात सापडली. क्रुआ द गेरवर एक खूण असते: ब्रिगेड किंवा रेजिमेंट पातळीवरच्या उल्लेखाला कांस्याचा तारा, डिव्हिजनला चांदीचा, कोअरला सोनेरी मुलाम्याचा, आर्मीच्या आदेशात नाव आलं तर खजुराची फांदी. आमच्या रिबनवर यातलं काहीच नव्हतं. मधोमध जवळजवळ दोन छोटी भोकं होती आणि त्यांच्याभोवती न विटलेल्या लाल रंगाचा पाच टोकांचा ठसा. म्हणजे तारा. कुठल्या धातूचा, ते कापड सांगत नाही. टेलरला विचारलं, तो म्हणाला, डबा गेल्या महिन्यात एकदा रिकामा केला होता साहेब.