जिथे चाळाल, तिथेच घ्या

टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात पुस्तकांचे छोटेसे दुकान थाटले. विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तके हाताळल्याबद्दल त्यांना बोल ऐकावे लागले होते, असे सांगतात. आपल्या दुकानात मात्र कुणालाही मनसोक्त चाळू द्यायचे, हा त्यांचा निश्चय होता. ‘स्ट्रँड’ नावाचे हे दुकान पुढे फोर्टात गेले, सुंदराबाई हॉलमधल्या त्याच्या प्रदर्शनांना तोबा गर्दी होऊ लागली आणि २००३ मध्ये या पुस्तकविक्रेत्याला पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झाले.

पुस्तक चाळू देण्याचे मोल सर्वाधिक आहे ते वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत. कादंबरी मैत्रिणीने सांगितली म्हणून डोळे झाकून घेता येते. इतिहासाचे, विज्ञानाचे वा अर्थकारणाचे पुस्तक उघडून पाहावे लागते. जाणता वाचक आधी अनुक्रमणिका बघतो, मग थेट शेवटची पाने: संदर्भसूची आहे का, शब्दसूची आहे का, नकाशे वाचता येतात का. मधलेच एखादे प्रकरण काढून दोन पाने वाचली की लेखकाने मूळ कागदपत्रे पाहिली आहेत की इकडून तिकडून उतरवले आहे, याचा बराच अंदाज येतो. मोबाइलवरचे मुखपृष्ठ आणि त्याखालचे तारे एवढे सांगू शकत नाहीत.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने झपाटलेला वाचक दुकानात आला, तर जाणकार विक्रेता त्याच्या हाती त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ ठेवतो. कादंबरीतून इतिहासाकडे जाण्याची वाट तिथे उघडते. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ घ्यायला आलेल्याला शेजारी दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ दिसते. महाभारत तेच, पाहणारी नजर वेगळी. दया पवारांच्या ‘बलुतं’शेजारी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ असते. १९७८ आणि १९८० साली आलेली ही दोन आत्मकथने पाठोपाठ वाचणाऱ्याला महाराष्ट्राच्या गावगाड्याची आणि त्याबाहेर ठेवलेल्या माणसांची ओळख होते.

संकेतस्थळेही पुस्तके सुचवतात, पण त्यांचा भर इतरांनी काय पाहिले, काय घेतले यावर असतो. खपात मागे पडलेले मोलाचे पुस्तक पुढे करायला ते वाचलेला माणूसच लागतो.

अशी दुकाने अजून आहेत. पुण्यात अक्षरधारा आहे, दादरला आयडियल आहे. फोर्टात २०११ साली सुरू झालेले किताबखाना डिसेंबर २०२० मध्ये आगीत सापडले. हजारो पुस्तके गेली, तरी मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले. पण केवळ जिद्दीवर दुकान चालत नाही.

खरी अडचण किमतीची आहे. सवलत वाईट नव्हे. स्वतः ‘स्ट्रँड’ भरघोस सवलतीसाठीच प्रसिद्ध होते. मात्र त्याला ती पुस्तकविक्रीतूनच परवडवावी लागे. टूथपेस्टपासून टीव्हीपर्यंत सारे विकणारी कंपनी पुस्तकावर तोटाही सोसू शकते. जागेचे भाडे, नोकरांचे पगार आणि पडून राहणारा माल सांभाळणाऱ्या दुकानदाराला ते कसे जमणार?

फ्रान्सने यावर कायदा केला. सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने ओळखला जाणारा १९८१ चा हा कायदा नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देऊ देत नाही. ऑनलाइन कंपन्या घरपोच पुस्तके जवळपास फुकट पोहोचवू लागल्याने ही मर्यादा निरर्थक होऊ लागली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालच्या मागणीवर किमान तीन युरो पोहोचणावळ सक्तीची झाली. ग्राहकाला थोडे जास्त मोजावे लागतात, पण छोट्या दुकानाला बरोबरीने उभे राहता येते. भारतात असा कायदा नाही. तो व्हावा, यासाठी प्रकाशक, विक्रेते आणि साहित्य संस्थांनी एकत्र येऊन सरकारकडे आग्रह धरायला हवा.

तोवर ही जबाबदारी वाचकांची आहे. दुकानात तासभर पुस्तके चाळायची, आवडलेल्याचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन पन्नास रुपये स्वस्तात मागवायचे, हे थांबले पाहिजे. या महिन्यात आपल्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानात जा, अर्धा तास निवांत चाळा आणि निदान एक पुस्तक तिथूनच विकत घ्या.